लोखंडाचं तापमान आणि मालाचं तापमान: कुंडईतल्या पाइप लाइनवरच्या नोंदी

काम: ६० मिमी स्क्रूच्या एक्स्ट्रूडरवर (प्लास्टिकचा दाणा वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रावर) वितळलेल्या एचडीपीईचं (उच्च घनतेच्या पॉलिथिनचं) तापमान वाहत्या मालातच मोजणं
जागा: कुंडई औद्योगिक वसाहत, फोंडा
उत्पादन: पाणीपुरवठ्याचे काळे पाइप

९ जून २०२५

तक्रार जुनीच आहे. लाइन सावकाश चालते तेव्हा पाइप आतून गुळगुळीत निघतो. ऑर्डरचा रेटा आला आणि स्क्रूचा वेग मिनिटाला ७० फेऱ्यांवर गेला, की आतल्या बाजूला लहरी उठतात, डायच्या (मालाला पाइपचा आकार देणाऱ्या साच्याच्या) तोंडाशी धूर दिसतो, जळक्या मेणासारखा वास येतो. पॅनलवर मात्र बॅरलचे (स्क्रूभोवतीच्या लोखंडी नळकांड्याचे) सगळे झोन, म्हणजे तापवायचे टप्पे, २०० अंशांच्या आसपास स्थिर. त्यामुळे दर वेळी दोष दाण्यावर ढकलला जातो किंवा पावसाळी हवेवर.

आज मोजमाप असं काही केलं नाही, नुसतं पॅनलसमोर उभं राहून पाहिलं. ७० फेऱ्यांवर झोन ३ आणि ४ च्या हीटरचा ॲमीटर शून्यावर होता, ब्लोअर अखंड चालू होते, आणि तरीही आकडा सेट केलेल्या तापमानाच्या चार-पाच अंश वरच. याचा अर्थ उघड आहे: तिथे बॅरल मालाला तापवत नाही, माल बॅरलला तापवतो आहे. स्क्रू आणि भिंतीच्या फटीत माल घासला जातो, त्या घर्षणाची उष्णता त्याच्या पोटातच तयार होते. चिकटपणा गुणिले घर्षणवेगाचा वर्ग एवढी ती प्रत्येक घनमीटरमागे निघते, म्हणून वेग वाढला की ती झपाट्याने वाढते. वितळलेला माल घर्षणाने पातळ होतो, तेवढाच काय तो दिलासा.

आमचा झोनचा थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) बॅरलच्या लोखंडात बसवलेला आहे. त्याच्यावरून मालाचं तापमान ठरवणं म्हणजे तोपाला बाहेरून हात लावून आतला भात शिजला की नाही ते सांगणं.

जुने ऑपरेटर काका म्हणाले, "पॅनल कितेंय सांगूं दी, माल कसो येता तो पळय." (पॅनल काहीही सांगो, माल कसा येतो ते बघ.) त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. फक्त ते आकड्यात आणायचं आहे, म्हणजे रात्रपाळीच्या नवीन मुलालाही ते वापरता येईल.

हे काम मला महत्त्वाचं वाटतं, कारण हा पाइप जमिनीखाली पन्नास वर्षं राहील असं धरून विकला जातो. माल जास्त तापला की त्यातला ऑक्सिडेशनरोधक घटक डायपर्यंत पोचण्याआधीच खर्ची पडतो. वरून पाइप चकचकीत दिसेल, पण त्याचं आयुष्य कमी झालेलं असेल.

१२ जून

प्रोब (मालाला भिडवायचा थर्मोकपल) घ्यायच्या आधी आहे ती वायरिंग तपासली. ॲडॉप्टरच्या (बॅरल आणि डाय जोडणाऱ्या तुकड्याच्या) थर्मोकपलच्या डोक्यापासून पॅनलपर्यंत साधी तांब्याची वायर निघाली. कधीतरी जुनी केबल जळाली असणार आणि हाताशी होती ती वायर ओढली गेली असणार.

थर्मोकपल दोन टोकांमधल्या तापमानाचा फरक मोजतो. पॅनलमधला कंट्रोलर त्यात आपल्या टर्मिनलचं तापमान मिळवतो, तेव्हा खरा आकडा मिळतो. मध्ये तांबं आलं की थंड टोक पॅनलऐवजी थर्मोकपलच्या डोक्याशी येऊन थांबतं. डोकं गरम बॅरलजवळ, सुमारे ५५ अंशांवर. पॅनलच्या आत ३४. मधले २१ अंश हिशोबातून गळले. पॅनल २०० म्हणत होता तेव्हा ॲडॉप्टरचं लोखंड २२० च्या घरात होतं, आणि कंट्रोलर इमानाने त्याला तिथेच धरून ठेवत होता.

आमच्या थर्मोकपलला जुळणारी जे प्रकारची कॉम्पेन्सेटिंग केबल टाकली. स्टोअरमध्ये दोन रोल होते, दोन्ही जे प्रकारचेच, पण रंगांची पद्धत वेगळी. अमेरिकन पद्धतीत पांढरी धन आणि लाल ऋण. आयईसी (आंतरराष्ट्रीय) पद्धतीत काळी धन आणि पांढरी ऋण. म्हणजे तीच पांढरी तार एका रोलमध्ये धन, दुसऱ्यात ऋण. आपल्याकडे लाल म्हणजे धन ही सवय इतकी पक्की, की वायरमनला दोष देता येत नाही. उपाय सोपा आहे: चुंबक लावायचा. जे प्रकारात धन तार लोखंडाची असते, ती चिकटते. दुसरी कॉन्स्टंटनची (तांबं-निकेलच्या मिश्रधातूची), ती चिकटत नाही. पॅनलच्या दारात एक छोटा चुंबक दोरीने बांधून ठेवला आहे.

१४ जून

वायर बदलल्यावर धूर बराच कमी झाला. ७० फेऱ्यांवरच्या लहरी मात्र तशाच.

२० जून

सगळे थर्मोकपल तपासून घेतले. बर्फाचा चुरा आणि पाणी घालून शून्य. उकळत्या पाण्यात शंभर. पावसाळ्यात हवेचा दाब उतरलेला असतो, म्हणून पाणी शंभराच्या किंचित खालीच उकळतं, पण आपल्या कामाला तेवढा फरक चालतो. दोनशेच्या तपासणीसाठी ड्राय ब्लॉक कॅलिब्रेटर (ठरावीक तापमानावर धरलेला धातूचा ठोकळा) एका दिवसापुरता उसना मिळाला. जे प्रकाराने २०० अंशांना १०.७७९ मिलिव्होल्ट द्यायला हवेत. दुसऱ्या वर्गाच्या थर्मोकपलला अडीच अंशांची सूट असते. आमचे एक सोडून सगळे त्यात बसले. तो काढून टाकला.

यापुढे दोन-तीन अंशांच्या फरकावरून कुणी वाद घालू नये, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

२७ जून

आज दिवसभर प्रोबची निवड. ही नोंद लांबेल, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

ॲडॉप्टरचं भोक ४० मिमी. भिंतीशी सपाट बसणारा प्रोब मालाला टेकतो खरा, पण चारही बाजूंनी लोखंडात असल्यामुळे सांगतो लोखंडाचंच. म्हणून प्रोबचं टोक मालात आत जायला हवं. पण प्रोबची नळी स्टीलची, ती स्वतःच उष्णता वाहते. माल भिंतीपेक्षा गरम असला तर टोकाला मिळालेली उष्णता नळीतून भिंतीकडे निसटते आणि आकडा भिंतीकडे ओढला जातो.

किती ओढला जातो, याचा ढोबळ हिशोब केला. वितळलेल्या पॉलिथिनची उष्णतावाहकता मीटर-अंशाला पाव वॉटच्या आसपास किंवा थोडी कमी, स्टेनलेस स्टीलची सुमारे १६. प्लास्टिक टोकाला उष्णता देतं सावकाश, स्टील ती पळवतं भराभर. समजा भिंत २०० वर आहे आणि माल २१५ वर:

६ मिमी जाडीचा प्रोब, १० मिमी आत: फरकाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग गायब. आकडा २०४.
३ मिमी जाडीचा, १० मिमी आत: एक तृतीयांशाहून थोडा जास्त गायब. आकडा २०९-२१०.
३ मिमी जाडीचा, २० मिमी आत: सात टक्के. आकडा २१४.

बाजारात सहज मिळतो तो मजबूत, जाड, आखूड प्रोब. तो कधी मोडत नाही, म्हणून सगळ्यांना आवडतो. पण तो मालात बुडवूनही बहुतांशी भिंतच मोजतो. बारीक आणि लांब प्रोब खरं सांगतो, पण घट्ट मालाच्या रेट्याने वाकण्याची भीती असते.

प्रोबभोवतून माल वळसा घेतो तेव्हा तिथेही थोडं घर्षण होऊन उष्णता निघते. टोक प्रवाहाच्या उलट दिशेला वळवलेलं असेल तर माल थेट टोकावर येतो आणि हा दोषही घटतो, नळीवाटे होणारी गळतीही. आमच्या भोकातून वाकडा प्रोब आत जाणार नाही. म्हणून सरळ, ३ मिमी टोकाचे दोन प्रोब मागवले: एक १० मिमी आत जाणारा, एक बरोबर मध्यापर्यंत, म्हणजे २० मिमी. तिसरा सपाट, भिंतीसाठी.

८ जुलै

ॲडॉप्टरला भोक पाडून घेतलं. अर्धा इंच, २० आट्यांचा यूएनएफ (बारीक इंची आटे), तळाशी ४५ अंशांची बैठक. हा मेल्ट प्रेशर ट्रान्सड्यूसरचा (मालाचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) सर्वमान्य साचा आहे, त्यामुळे पुढे काहीही बसवता येईल. बैठक नीट घासलेली नसेल तर माल आट्यांत शिरतो, जळतो आणि प्रोब कायमचा अडकतो. वर्कशॉपमध्ये उभं राहून करून घेतलं.

पाऊस तुफान. दुपारी वीज दोनदा गेली. चाचणी पुढे ढकलली.

१५ जुलै

पहिले खरे आकडे. प्रत्येक वेगावर लाइन स्थिरावू दिली, मगच वाचन घेतलं. प्रोब बदलताना स्क्रू बंद, दाब शून्य, तोंडावर ढाल आणि जाड हातमोजे. दाबाखाली प्रोब सैल करणं म्हणजे गरम माल अंगावर घेणं. हे लाल अक्षरात लिहिलं आहे.

३० फेऱ्यांवर: भिंत २००, १० मिमीवर २०३, मध्यावर २०६. नळीची गळती धरून १० मिमीचा आकडा सुधारला तर तो २०५ च्या आसपास येतो. माल बऱ्यापैकी एकसारखा आहे.

७० फेऱ्यांवर: भिंत २०६ (सेट २००, हीटर बंद), १० मिमीवर २१९, मध्यावर २१७.

काका म्हणाले, मध्यभागी सर्वांत गरम असायला हवं ना? मलाही तसंच अपेक्षित होतं. सुधारणा केल्यावर फरक आणखी वाढतो: १० मिमीवर २२५-२२६, मध्यावर २१८. मधला गाभा बाजूच्या कड्यापेक्षा थंड! जास्त वेगात दाण्याला स्क्रूमध्ये पुरेसा वेळ मिळत नाही. उशिरा वितळलेला, जेमतेम शिजलेला माल गाभ्यातून येतो, आणि जास्त घासला गेलेला माल त्याच्याभोवती. एकाच क्षणी, एकाच भोकात, काही मिलिमीटरच्या अंतरात २०६, २२६ आणि २१८.

आतल्या लहरींचं कारण आता मला पटण्याजोगं दिसतं. गरम माल पातळ, थंड माल घट्ट. डायमध्ये हे दोन्ही शेजारी-शेजारी वेगवेगळ्या वेगाने सरकतात.

१६ जुलै

डायमधून बाहेर आलेल्या लोंद्यात सुईचा हातप्रोब खुपसून पाहिलं. प्रोब आधी तापवून घेतला, नाहीतर थंड सुईच माल गार करते. आकडा ॲडॉप्टरच्या आकड्यापेक्षा वर आला. साहेबांनी विचारलं, दोनपैकी कोणता खरा? दोन्ही खरे. डायमधून जाताना दाब उतरतो, आणि उतरलेल्या दाबाची उष्णता मालातच राहते. दर १०० बारला साधारण पाच अंश. ॲडॉप्टरवर आमचा दाब १५० बारच्या पुढे असतो. म्हणजे तिथला आकडा आणि बाहेरचा आकडा जुळू नयेत हेच बरोबर.

२४ जुलै

साहेबांचा पुढचा प्रश्न रास्त होता: ॲडॉप्टर लांब केला तर माल वाटेत एकसारखा होणार नाही का?

हिशोब: वितळलेल्या पॉलिथिनमध्ये उष्णता पसरण्याचा गुणांक सेकंदाला सुमारे एक कोट्यंश चौरस मीटर. २० मिमी अंतर पार करायला लागणारा वेळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले हा गुणांक: ४००० सेकंद, तासाहून जास्त. ताशी १०० किलो मालाला आमचा ३० सेंटिमीटरचा ॲडॉप्टर पार करायला लागतात दहा सेकंद. लांबी दुप्पट केली तर वीस सेकंद.

तेव्हा नुसत्या वाटेने काही होणार नाही. माल ढवळावा लागेल, स्क्रूच्या टोकाशी मिक्सिंग सेक्शन देऊन किंवा स्टॅटिक मिक्सर (वाटेत बसवलेली न फिरणारी पाती) घालून.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. 'मालाचं तापमान' असा एकच आकडा द्यायचा झाला तर साधी सरासरी चालत नाही. मध्यभागी माल वेगाने वाहतो, कडेला रेंगाळतो. जिथून जास्त माल जातो तिथल्या तापमानाला जास्त वजन द्यायला हवं. तसं केलं तर ७० फेऱ्यांवर माझा अंदाज २२० च्या थोडा पुढे-मागे येतो. पॅनलवर सेट केलेले २००.

५ ऑगस्ट

प्रेशर गेजचा काटा स्क्रूच्या प्रत्येक फेरीला हलतो. तापमानाचा आकडा हलत नाही. तापमान खरंच स्थिर आहे का?

तसं म्हणता येणार नाही. ३ मिमीच्या प्रोबला बदल ओळखायला माझ्या हिशोबाने नऊ सेकंदांच्या आसपास लागतात. ७० फेऱ्या म्हणजे सेकंदाला एकाहून जास्त फेरी. फेरीगणिक १० अंशांचा चढउतार असेल तरी प्रोबमध्ये तो साठ-सत्तर पटींनी दबून जेमतेम दशांशात दिसेल. प्रोबची सरासरी ठीक आहे, पण त्याच्या स्थिरपणावरून मालाच्या स्थिरपणाचा दाखला देऊ नये.

हा चढउतार प्रत्यक्ष पाहायचा तर दोन मार्ग आहेत. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या गटाने बारीक थर्मोकपल तारांची जाळी प्रवाहात आडवी बसवून सगळ्या भोकाचं तापमानचित्र मिळवलं. २००४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. वेग वाढला की चित्र कसं विस्कटतं हे त्यात दिसतं. पद्धत सुंदर आहे, पण प्रयोगशाळेची. पाळीवर चालणाऱ्या लाइनमध्ये एवढ्या नाजूक तारा टिकणार नाहीत. दुसरा मार्ग नीलमण्याची खिडकी असलेला इन्फ्रारेड सेन्सर. तो सेकंदाच्या छोट्या अंशात उत्तर देतो आणि भिंतीला सपाट बसतो, मोडायची भीती नाही. पारदर्शक मालात तो काही मिलिमीटर आत 'पाहतो'. पण आमच्या मालात अडीच टक्क्यांच्या आसपास कार्बन ब्लॅक आहे. काळा माल किरण लगेच शोषतो, त्यामुळे सेन्सरला खिडकीला चिकटलेला पातळ थरच दिसेल, आणि तो थर भिंतीच्याच तापमानाचा. एवढे पैसे घालून पुन्हा भिंतच मोजायची असेल, तर आमच्या लाइनसाठी नको.

१४ ऑगस्ट

प्रोबच्या आकड्यांना बाहेरून काही आधार हवा होता, म्हणून विजेचा हिशोब मांडला. एचडीपीईला खोलीच्या तापमानापासून २०० पर्यंत न्यायला किलोमागे सुमारे ०.२ युनिट लागतं. त्यावर किलोमागे प्रत्येक जादा ०.०१ युनिट म्हणजे ३६ किलोज्यूल, म्हणजे मालात सुमारे १४ अंश.

मोटरची किलोमागची वीज ३० आणि ७० फेऱ्यांमध्ये ०.०१५ युनिटने वाढलेली दिसली. सगळी मालात गेली तर २१ अंश. प्रोबवरून आलेली वाढ साधारण १४-१५. उरलेलं ब्लोअरने बाहेर टाकलं, शिवाय ७० वर हीटर जवळजवळ काहीच देत नव्हते. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे एकाच गावात पोचले, यावर मी समाधानी आहे.

१८ ऑगस्ट

नेहमीचा सल्ला करून पाहिला: झोन ४ पंधरा अंशांनी खाली आणला. मालाचं तापमान उतरलं दोन-तीन अंश, मोटरचा करंट मात्र चढला. थंड भिंतीजवळचा माल घट्ट होतो, स्क्रूला जास्त जोर लावावा लागतो, आणि तो जोर पुन्हा उष्णता होऊनच मालात येतो. सेटिंग खाली आणून माल गार होतो हा समज इथे तरी टिकत नाही.

उलट झोन २ दहा अंशांनी वाढवल्यावर गाभा आणि कडा यांच्यातला फरक कमी झाला. दाणा लवकर वितळू लागला.

२५ ऑगस्ट

परवा चवथ (गणेशचतुर्थी). उद्यापासून लाइन बंद. सत्तरी, डिचोली, पेडण्याची मंडळी आजच माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचं) सामान घेऊन निघाली. बंद करण्याआधी २० मिमीचा प्रोब काढून सपाट प्रोब बसवला. गोठलेला माल स्क्रूने ढकलला तर बारीक नळी जागच्या जागी तुटेल, आणि तो तुकडा डायमध्ये जाईल.

३ सप्टेंबर

पुन्हा सुरुवात. पॅनलवर सगळे झोन २०० झाले तरी स्क्रू लगेच फिरवू दिला नाही. भिंत तापली म्हणजे आतला माल वितळला असं नाही. चार हजार सेकंदांचा तोच हिशोब इथेही लागू होतो. नवीन मुलाने विचारलं तेव्हा त्याला तो वहीतून दाखवला. त्याने स्वतःच्या डायरीत उतरवून घेतला.

दाब स्थिरावल्यावर लाइन थांबवून लांब प्रोब परत लावला.

१२ सप्टेंबर

साहेबांबरोबर बसून ठरवलं:

वेग ६० फेऱ्या, त्याच्या वर नाही. झोन २ दहा अंशांनी वर, बाकीचे पहिल्यासारखे. ६० वर मध्यावरचा आकडा २११-२१२ राहतो आणि पाइप आतून गुळगुळीत निघतो. २१८ ला अलार्म. उत्पादन थोडं घटतं, हे साहेबांना आवडलं नाही, पण ७० वर निघणारं भंगार वजा केलं तर तोटा वाटतो तेवढा नाही, हे त्यांनी स्वतःच वजनं पाहून मान्य केलं.

पॅनलवर झोनच्या आकड्यांखाली 'लोखंड' आणि नव्या आकड्याखाली 'माल' अशा पट्ट्या लावल्या. पाळीच्या तक्त्यात मालाचं तापमान, दाब आणि मोटरचा करंट असे तीन रकाने वाढवले.

मिक्सिंग सेक्शन असलेल्या स्क्रूसाठी दोन ठिकाणी कोटेशन मागितलं आहे. ६० आणि ७० फेऱ्यांवर काढलेल्या पाइपचे नमुने ऑक्सिडेशन इंडक्शन चाचणीला (गरम ऑक्सिजनमध्ये माल किती वेळ टिकतो ते पाहायला) पाठवले. तिथे २०० अंशांवर किमान २० मिनिटं टिकणं अपेक्षित असतं. ७० चा नमुना यात पास झाला तरी वेग वाढवायचा नाही, असं साहेबांकडून लेखी घेतलं आहे. नवीन स्क्रू आला की १० आणि २० मिमीची वाचनं पुन्हा पहिल्यापासून घ्यायची.